पुढच्या काचेवरची धूळ

देवांची आंघोळ झाली की वत्सला लेन्सांकडे वळायची. युसूफ वडगावच्या त्या घरात हा क्रम इतका मुरला होता की तिची सासू रुक्मिणीबाई त्यालाही पूजाच म्हणायची, आणि वत्सलाचा नवरा त्रिंबक, ज्याचा केजला फोटो स्टुडिओ होता, तो "ह्या पूजेला दक्षिणा न्हाई बरं का" असं म्हणत तंबाखू मळायला अंगणात जायचा. त्या तंबाखूपायीच तर हे काम वत्सलाकडे आलं होतं. चुन्याच्या बोटांनी काच पुसली की काचेवर ढग उठतात, आणि वत्सलाचे हात, उपासाच्या दिवशी तर विशेषच, धुऊन धुऊन पांढरे पडलेले. आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग मऊ ब्रश फिरवायचा, आणि अगदीच गरज पडली तर जुन्या मलमलीच्या फडक्याने मधून सुरुवात करून गोल गोल कडेला यायचं, दाब न देता, तान्ह्या बाळाचं कपाळ पुसावं तसं.

"उगा घासू नको," त्रिंबक अंगणातून ओरडायचा. "धुळीनं फोटो जात न्हाई, घासल्यानं काच जाती. पुढच्या काचंवरली धूळ लई जवळ असती गं, लेन्स लांबचं बघती. नाकावर माशी बसली तर तुला माशी दिसंल का समोरचा बैल?"

"मला माशीच दिसंल," वत्सला म्हणायची.

ती अनवाणी होती. हे गावाला आता सवयीचं झालं होतं. पण नवा माणूस तिच्या भेगाळलेल्या टाचांकडे बघून थबकायचा आणि मग कुणीतरी त्याला सांगायचं, दिरासाठी नवस बोललीये ती. त्रिंबकचा धाकटा भाऊ अभिमन्यू ऊसतोडीच्या टोळीबरोबर ट्रॅक्टर घेऊन कर्नाटकातल्या कारखान्यावर गेला होता. हंगाम संपला, टोळी परत आली, ट्रॅक्टरही परत आला, तो आला नाही. कुणी म्हणालं भांडण झालं, कुणी म्हणालं कॅनॉलकडे जाताना दिसला. पोलिसांचं झालं, देवऋषी झाले. त्या वर्षी वत्सलाने अंबाजोगाईला जाऊन योगेश्वरीपुढे पदर पसरला : दीर घरी येईपर्यंत पायात काही घालणार नाही. स्वतःसाठी तिने काही मागितलं नाही. मागितलं ते धाकट्या जावेसाठी, सुरेखासाठी, जिचं कुंकू बघायला घरात कुणी उरलं नव्हतं आणि जी तरीही रोज सकाळी खाली मान घालून ते लावत होती. त्यानंतर उन्हाळे आले, केजच्या स्टँडसमोरचं डांबर पाघळलं, बाभळीचे काटे टाचेत मोडले. वत्सला प्रत्येक काटा काढताना म्हणायची, आई, हाही जमेस धर. देवी बघत असते, अशी तिची श्रद्धा होती. आणि ती खोटी होती असं आजही कुणाला म्हणता येणार नाही.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडली गेली. विळा, कोयता, शिलाई मशीनची कात्री, आणि मधोमध कॅमेरा. त्रिंबक दरवर्षी बजावायचा की पट्ट्याला लावा, पिशवीला लावा, काचेला हात नको. पण रुक्मिणीबाईंना दिसायचं कमी आणि भक्ती जास्त. त्यांनी चिमूटभर कुंकू थेट लेन्सवर दाबलं, आणि "आई, ह्याच डोळ्याला माझा अभिमन्यू दिसू दे" असं म्हणाल्या. त्रिंबक धावत आला तोवर कुंकू लेन्सच्या कडेच्या फटीत उतरलं होतं.

"म्हातारे, ही झूम लेन्स हाय. पुढं-मागं केली की हवा आत ओढती, श्वास घेतल्यागत! गेलं आत ते आता."

"देवाचं कुंकू हाय. बिघडंल कसं?"

त्याने फुग्याने फुंकलं, ब्रश फिरवला, मोबाईलच्या उजेडात डोळा बारीक करून बघितलं. खोल कुठेतरी, दोन काचांच्या मध्ये, लाल असा एक कण बसला होता. चिडून चिडून शेवटी तो स्वतःच हसला. "असू दे. एका कणानं काय हुतंय. दिसायचा न्हाई." आणि खरंच दिसला नाही. दसऱ्याला लोकांनी नव्या गाड्यांचे फोटो काढून घेतले, एक बारसं झालं, एक साखरपुडा झाला. सगळे फोटो लख्ख आले.

दिवाळी उलटली, टोळ्या बिऱ्हाडं घेऊन निघून गेल्या, गाव निम्मं रिकामं झालं, आणि त्याच आठवड्यात सुरेखाने तोंड उघडलं. तिचं माहेर चौसाळ्याचं. तिथल्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली होती, आणि नवरा गेलेल्या बाईला आधी घेतात असं तिच्या आईने, छबुबाईने, निरोपात सांगितलं होतं. "मला अर्ज करायचाय," सुरेखा म्हणाली. "विधवा म्हनून."

रुक्मिणीबाईंनी हातातलं ताट आपटलं. "माझ्या जित्या लेकराला मारती व्हय गं? पगारासाठी?" त्या दिवसापासून त्यांनी सुनेच्या हातचं पाणी घेणं सोडलं. वत्सलाचा जीव मधल्यामध्ये तुटला. तिला वाटलं, पोर थकली, आशा सोडली हिने. सोडू देत; आपली आशा आहे ना अजून. बेपत्ता होऊन सात वर्षं उलटली होती म्हणून ग्रामपंचायतीचे कागद कसेबसे झाले. राहिला होता फोटो, आणि कागद करणाऱ्याने बजावलं होतं की कपाळ मोकळं असलेला हवा.

म्हणून दोघी जीपने केजला गेल्या. स्टुडिओत निळ्या पडद्यापुढे सुरेखा स्टुलावर बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "आक्का, पुसा."

"मी?"

"मग कुनाला सांगू? आत्याबाईला?"

वत्सलाच्या हातात तेव्हा लेन्स पुसायचं मलमलीचं फडकं होतं, दुसरं काही जवळ नव्हतं, आणि तिने ते फडकं त्या कपाळाला लावलं. हाताला जी सवय तीच हाताने केली : मधून सुरुवात, गोल गोल, दाब न देता, कडेपर्यंत. सुरेखाने डोळे मिटून घेतले होते. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी ओसरल्यासारखं झालं, ते वत्सलाला रडणं वाटलं. त्रिंबक भिंतीकडे बघत उभा होता. मग त्याने घसा खाकरला आणि फोटो काढला.

कॉम्प्युटरवर फोटो उघडला तेव्हा सुरेखाच्या मोकळ्या कपाळावर, बरोबर मधोमध, लाल ठिपका होता.

"च्यायला! खंडेनवमी बोलली," त्रिंबक म्हणाला. त्याने लेन्स काढली, मागची काच तपासली, आतल्या सेन्सरवर हलकी हवा मारली. पुन्हा फोटो काढला. ठिपका तिथेच. सुरेखाला त्याने स्टुलासकट हातभर डावीकडे सरकवलं. ठिपका तिच्याबरोबर डावीकडे सरकला.

तेवढ्यात सुंदरराव आले, गावोगावी स्वतःच्या वाढदिवसाचे बॅनर लावणारे पुढारी. "आमचे डाग तेवढे काढा त्रिंबकराव," ते स्टुलावर ऐसपैस बसत म्हणाले, "लावायला लोकं हायेतच!" त्यांचा फोटो आला, कपाळ आरशासारखं. एकही ठिपका नाही.

ते गेल्यावर त्रिंबकने सुरेखाला "उद्या-परवा परत काढू, लेन्स खराब हाय" म्हणून बाहेर बसवलं आणि फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. कुंकवाचा कण असता तर त्याच्या कडा तुटक असत्या. ही कड गोलसर होती, लांबट, आणि तिच्या आत बारीक बारीक रेषा एकीआड एक वळत गेल्या होत्या. त्रिंबकने माऊसचा बाण त्यावर नेला. एका टिचकीत असे हजार डाग त्याने पुसले होते. नवऱ्यांची मुरुमं, नवऱ्यांच्या बापांचे देवीचे व्रण.

वत्सलाने त्याचं मनगट धरलं. "पुसू नका."

"आगं, धूळ हाय ती."

"मग सुंदररावाच्या टकलावर कावून न्हाई आली? देवीनं लावलंय हे. माझ्या पायाची लाज राखली तिनं. त्यो जिता हाय, म्हनून तिचं कुंकू पुसत न्हाई."

भाऊ जिवंत आहे असं ऐकून माणसाचा चेहरा उजळतो, हे वत्सलाने अनेकदा मनात रंगवलं होतं. त्रिंबकचा उजळला नाही. त्याने नुसता कॉम्प्युटरचा पडदा काळा केला.

दोन दिवस वत्सला हवेत होती. तिने लेन्स पुन्हा पुन्हा पुसली, आणि दरवेळी फडक्यावर फिक्कट तांबडा डाग उमटला, जरी काचेवर बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं. फडकं धुतलं की तांब्यातलं पाणी गुलाबी व्हायचं. ते पाणी तिने तीर्थासारखं तुळशीला घातलं. अर्जाची मुदत जवळ येत होती. सुरेखा दारातून विचारायची, "भाऊजी, लेन्स झाली का?" आणि त्रिंबक नजर चुकवायचा. शेवटी वत्सलाला राहवेना. सुरेखा परसात चुलीपुढे भाकरी थापत होती, तिथे जाऊन ती बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. ठिपका, त्याचं सरकणं, देवीचा कौल. "रडू नको आता. नको करू त्यो अर्ज. येनार हाय त्यो, मला ठावं हाय."

सुरेखाचे हात परातीतच राहिले. तव्यावरची भाकरी फुगली, मग करपायला लागली, धूर निघाला तरी तिने ती उलटली नाही.

"केवढा हाय डाग?" तिने विचारलं.

"एवढासा."

"अंगठ्याएवढा?"

वत्सलाने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. "व्हय. तेवढाच असंल."

सुरेखाने पिठाचा हात उचलला, आणि वत्सलाला आधी कळलंच नाही की ही ओरडते आहे, कारण तिचा आवाज वाढला नव्हता, उलट खाली गेला होता. "तुमी माझ्यासाठी अनवानी फिरता असं सारं गाव म्हनतं. इतक्या वर्सात एकदा तरी मला इचारलं तुमी, सुरेखा, तुला पायजे का त्यो?"

"आगं..."

"रोज सकाळी सोता लावायचा माझं कुंकू. आंगठ्यानं. भिंतीला पाठ लावून हुभी करायचा अन् दाबायचा, डोकं भिंतीला टेकंपर्यंत, टेकल्यावरबी. म्हनायचा, हितं माझी सही हाय, कुठं बी गेलीस तर दिसंल. अन् मंग दार उघडायचा. तुमी सनाला केजवरून यायच्या तवा दारात हुभ्या ऱ्हाऊन बघितलंय तुमी. हसला व्हता. म्हनला व्हता, बघा वैनी, दादा लावतो का तुमाला?"

ते खरं होतं. वत्सला तेव्हा त्रिंबकबरोबर केजला, स्टुडिओमागच्या खोलीत राहायची. दिवाळीच्या त्या सकाळी तिने ते पाहिलं होतं आणि तिला हेवा वाटला होता. रात्री तिने त्रिंबकला ते सांगितलंही होतं, आणि तो कूस बदलून झोपला होता.

"मी सोता कपाळ पुढं केलं व्हतं तुमच्या," सुरेखा म्हणाली. "वाटलं, आक्काच्या हातानं पुसलं तर ऱ्हाईल पुसलेलं." तिने करपलेली भाकरी हाताने उचलली आणि चुलीत टाकली. "अन् तुमी देवीपुढं बसून त्याला हाका मारल्या. इतकी वर्सं."

वत्सला उठली. सुरेखाच्या खोलीत गेली. दाराच्या मागे, बाईच्या डोक्याच्या उंचीला, भिंतीचा गिलावा वाटीएवढा खोल गेला होता. तिला ती जागा माहीत होती. दर दिवाळीला चुना देताना तिथे ब्रश दोनदा फिरवावा लागायचा, कारण आतून तेलकट डाग वर यायचा. आणि ती दरवर्षी मनात म्हणायची, पावसाची ओल दिसते. तिने त्या खळग्यात हात ठेवला. तिच्या आयुष्यात राग असा तिला फारसा आला नव्हता, आला तरी तो उपास धरून जिरायचा. पण आज जे उठलं ते टाचेपासून उठलं, जणू मोडलेला प्रत्येक काटा उलटा वर चढत होता. कुणावर हे तिला ठरवता येईना. त्याच्यावर, जो हसला होता. भिंतीपलीकडे झोपणाऱ्या सासूवर. कूस बदलणाऱ्या नवऱ्यावर. देवीवर, जिने ऐकायला नको होतं ते ऐकलं. आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या त्या मऊ, धुतलेल्या, न दुखवणाऱ्या हातांवर.

ती तशीच बाजारपेठेत गेली आणि भगवानरावांच्या दुकानात जाऊन म्हणाली, "चप्पल द्या."

दुकानातलं बोलणं थांबलं. भगवानरावांनी आधी तिच्या पायांकडे पाहिलं, मग हात जोडले. "आले का मग अभिमन्यूराव? लई बरं झालं बघा वत्सलाबाई. देव हाय." तिने उत्तर दिलं नाही. नव्या चपलेचा पट्टा भेगांवर घासत होता. घराच्या वाटेवर प्रत्येक दारातून तेच आलं. आले का दीर? कवा आले? वत्सलाबाईच्या पायात चप्पल म्हणजे अभिमन्यू घरी. गावात दुसरा अर्थच शिल्लक नव्हता. हे तिच्या ध्यानात आलं ते अर्ध्या वाटेवर, आणि तरी तिने चप्पल काढली नाही.

रुक्मिणीबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना दिसलं नाही, ऐकू आलं. चपलेचा आवाज. त्या धडपडत उठल्या. "वच्छला? तुझ्या पायात... आला का गं माझा अभिमन्यू?"

"तुमाला ठावं व्हतं?" वत्सला म्हणाली.

"कशाचं?"

"भिंतीचं."

म्हातारीने पदर कपाळावर ओढला. "नवऱ्यानं कुंकू लावलं त्याचं काय एवढं? माझ्या कपाळाला तर कुनी हातबी लावला न्हाई. गुरागत राबले. तिचं नशीब व्हतं, तिला पेललं न्हाई. अन् तू चप्पल कावून घातली? नवस फिटल्याबिगर? माझ्या लेकाच्या जिवावर उठली का तू बी?"

"फिटला नवस!" वत्सलाचा आवाज शेजारच्या छपरांवर जाऊन आदळला. असा आवाज तिच्या गळ्यातून याआधी निघाला नव्हता. "आला तुमचा ल्योक! ह्यो काय, उंबऱ्यात हुभा हाय. बघत काय बसल्या? ओवाळा की! आना भाकरतुकडा!"

ती थकून खांबाला टेकली, आणि रुक्मिणीबाई मात्र, जणू इतकी वर्षं याच शब्दाची वाट बघत बसल्या होत्या, लगबगीने आत गेल्या आणि भाकरीचा तुकडा नि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "आत्याबाई, न्हाई हो," वत्सला म्हणाली. म्हातारीने रिकाम्या उंबऱ्यापुढे तुकडा ओवाळला, मागे टाकला, आणि वाकून, मायेने, पाय धुवायला पाणी ओतलं. उंबऱ्याच्या दगडावर पाणी मधोमध पडलं आणि दोन बाजूंनी वळून अंगणात उतरलं. मधली जागा कोरडी राहिली. दगडाला तिथे उंचवटा असेल.

"ये बाबा," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "लई वाळलास."

त्या संध्याकाळपासून त्या रडल्या नाहीत, कुणाशी भांडल्या नाहीत, सुनेच्या हातचं पाणीही घेऊ लागल्या. वत्सलाने त्यांना दोनदा समजावलं की मी रागाने बोलले. त्या नुसत्या हसायच्या. "असू दे गं. आता काय राग धरायचा."

त्रिंबकशी वत्सला बोलत नव्हती. तिने त्याला एकदाच विचारलं होतं, "तुमाला बी ठावं व्हतं?" आणि तो बराच वेळ फुग्याने लेन्सवर हवा मारत राहिला होता, स्वच्छ काचेवर, फुस्स, फुस्स. पण मुदतीच्या आधी, कुणी न सांगता, त्याने स्वतः सुरेखाला गाडीवर केजला नेलं. वत्सला जीपने मागोमाग गेली. लेन्स तिने आणली होती, मात्र पुसली नव्हती. पुसायला हात धजला नव्हता.

सुरेखा स्टुलावर बसली. कपाळ तिने घरूनच धुऊन आणलं होतं. फोटो उघडला तेव्हा ठिपका नव्हता. होती ती तांबूस सावली, कपाळभर, भुवयांवर उतरलेली, कडा विरलेली. सुरेखाने श्वास रोखला.

"भ्यायचं काम न्हाई," त्रिंबक घाईने म्हणाला. "कन जागचा हालला, त्याचं हाय हे. पुढं सरकला आत. जितका पुढं येतो तितका मोठा अन् फिक्का हुतो." त्याने पुन्हा फोटो काढला. सावली आता चेहराभर होती, इतकी पातळ की नुसती लाजेची लाली वाटावी. पुन्हा काढला.

काही नाही. निळा पडदा, पांढरा पदर, मोकळं कपाळ. वत्सलाने खुर्ची ओढून कॉम्प्युटरच्या काचेला नाक लावलं. कातडीची छिद्रंसुद्धा दिसत होती. लाल कुठेही नव्हतं.

"गेला?" सुरेखाने विचारलं.

"आला असंल पुढच्या काचंवर," त्रिंबक कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "आता किती बी काढ, दिसायचा न्हाई."

सुरेखा रडली. मग हसली. ती हसली की पुढचे दात एकमेकांवर चढलेले दिसतात हे वत्सलाला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. फोटो चिकटवले, अर्ज गेला. पुढे महिन्याभरात निरोप आला की जागा मिळाली.

ती निघाली त्या सकाळी दोघी केजच्या स्टँडवर आल्या. ऊन छान पडलं होतं. वत्सलाने तिच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि योगेश्वरीचा अंगारा घातला, अंगारा बघून सुरेखाने भुवया उंचावल्या, तशी वत्सला म्हणाली, "माझी देवी वाईट न्हाई गं. मागनारी येडी व्हती."

"चप्पल शोभती तुमाला, आक्का," सुरेखा म्हणाली.

"चावती लई."

"चावू द्या. सवय हुईल." दोघी हसल्या. "पोरांना गानी शिकवनार हाय मी. अंगनवाडीतल्या. मला येक बी येत न्हाई, तरी शिकवनार."

मांजरसुंब्याकडे जाणारी एस्टी लागली आणि एकच झुंबड उडाली. बाजाराचा दिवस होता; टोपल्या, पोती, कोंबड्या, म्हातारी माणसं. सुरेखा रेटारेटीत चढली आणि तिला चक्क खिडकीची जागा मिळाली. वत्सला खालून खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. आतून सुरेखाने तिच्या बोटांवर हात ठेवला. "तिथं उतरले की चौसाळ्याची गाडी लगेच हाय. फोन करते."

"खाऊन घे वाटंत."

गाडी भरत गेली. मधल्या वाटेत माणसं एकमेकांना टेकून उभी राहिली. टोपली घेतलेली एक वत्सलाच्या वयाची बाई सुरेखाच्या सीटपाशी आली, शेजारच्या रिकाम्या जागेवर तिने टोपली टेकवायला घेतली आणि मग ओशाळून ती उचलून पुढे सरकली. एक म्हातारा काठी टेकत आला, वाकला, "बसा, बसा, ऱ्हाऊ द्या" असं काहीसं पुटपुटला आणि दांडीला धरून उभा राहिला. सुरेखा खिडकीतून बाहेर बघत होती. ती अजून हसत होती. ऊन तिच्या मोकळ्या कपाळावर पडलं होतं.

"सुरेखा," वत्सला म्हणाली. "खाली उतर."

"काय?" इंजिन सुरू झालं होतं.

"उतर म्हनते ना! आत्ता उतर!"

"कावून, आक्का? काय ऱ्हायलं का?" गाडी हलली. वत्सलाने गज सोडले नाहीत, ती गाडीबरोबर चालू लागली, मग धावू लागली. आत गर्दीतून वाट काढत कंडक्टर सुरेखाच्या सीटपाशी पोचला. त्याने मशीनवर बाईचं अर्धं तिकीट काढून तिच्या हातात दिलं. आणि मग, तिच्या शेजारच्या जागेकडे बघत, पुरुषाच्या पूर्ण तिकिटाचे पैसे घेण्यासाठी तो हात पुढे करून थांबला.